मधुर वाणीचे बिशप : संत फ्रान्सिस डी सेल्स

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा हा मंगल दिवस उगवला असता, ज्यांनी देवळाचे दगड रचले, घंटा टांगली, वेदी घडविली, त्यांचे आपण कृतज्ञतेने स्मरण करीत आहोत. आणि ते योग्यच होय. परंतु धर्मग्राम केवळ दगडचुन्याने उभा राहत नाही. एका वेदीपाशी गुडघे टेकणारी कुटुंबे परस्परांशी कोणत्या शब्दांनी बोलतात, यावरही त्याचे आयुष्य अवलंबून असते. शेताच्या बांधावरून, लग्नाच्या आमंत्रणावरून, सणाच्या मिरवणुकीतील मानावरून एखादा कठोर शब्द तोंडातून निघतो. बोलणारा तो दुसऱ्या दिवशी विसरून जातो. ज्याला लागला त्याच्या घरी मात्र तो नातवंडांपर्यंत पोहोचतो. एकाच प्रभूचे पवित्र शरीर स्वीकारणारे दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांशी अबोला धरून असतात, हे कोणत्या गावी घडत नाही? जिभेला हाड नसते, असे आपले वाडवडील म्हणत आले. पण त्याच बिनहाडाच्या अवयवाने किती घरे मोडली, याची मोजदाद कोणी ठेवली आहे?

यास्तव या स्मरणिकेच्या पानांवर आम्ही अशा एका संताचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत की, ज्यांनी आपल्या जिभेला आयुष्यभर प्रभूच्या सेवेत राबविले. ते संत म्हणजे जिनिव्हाचे बिशप व ख्रिस्तसभेचे आचार्य, संत फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या नावाशी माधुर्य हा शब्द इतका निगडित झाला आहे की, हा मनुष्य जन्मतःच शांत व सौम्य होता, असा पुष्कळांचा समज असतो. तो समज खरा नाही, आणि तो खरा नाही यातच आम्हां सामान्य जनांचे समाधान आहे.

आल्प्स पर्वताच्या कुशीत सॅव्हॉय नावाचे एक स्वतंत्र संस्थान त्या काळी होते. तेथील तोरां गावच्या सेल्स नामक गढीत, सन 1567 च्या ऑगस्टच्या 21 तारखेस, एका सरदार घराण्यात फ्रान्सिसचा जन्म झाला. तो थोरला मुलगा. पिता करारी आणि महत्त्वाकांक्षी. मुलाने कायदेपंडित व्हावे, राजदरबारी मान मिळवावा, कुळाचे नाव वाढवावे, अशी त्यांची इच्छा. माता धर्मशील व मायाळू. कॅथलिक आणि कॅल्विनपंथी यांच्यामधील कलहाने तो सारा प्रदेश त्या दिवसांत पोळून निघाला होता. चरित्रकार एक गंमतीची गोष्ट सांगतात. एकदा गढीत एक कॅल्विनपंथी पाहुणा आला असता, लहानग्या फ्रान्सिसला दिवाणखान्यात जाऊ दिले नाही. तेव्हा तो हाती काठी घेऊन अंगणातील कोंबड्यांवर धावून गेला आणि पाखंड्यांना हाकलीत असल्याच्या आवेशाने त्याने त्यांना पळवून लावले. पुढे हेच बालक विरोधकांशी बोलताना काठी कायमची टाकून देणार होते. पण तो पल्ला लांबचा होता.

पित्याने त्याला उच्च शिक्षणासाठी पॅरिस येथे येशूसंघीय धर्मगुरूंच्या क्लेर्मों विद्यालयात पाठविले. तेथे त्याच्या आयुष्यातील सर्वांत काळोखाचा काळ आला. परमेश्वराने कोणाचे तारण व्हावे आणि कोणाचा नाश व्हावा हे आधीच ठरविलेले आहे काय, या वादाने त्या काळची विद्यालये दुमदुमत होती. एकोणीस वर्षांच्या त्या कोवळ्या तरुणाच्या मनाने घेतले की, आपण नाश पावणाऱ्यांपैकीच आहोत. त्याची झोप उडाली, अन्न गोड लागेना, शरीर सुकून गेले. सुमारे सहा आठवडे ही व्यथा चालली. अखेरीस एके दिवशी तो एका देवळात पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे जाऊन पडला. पुढील जन्मी आपणांस परमेश्वरावर प्रेम करता येणार नसेल, तर निदान या जन्मी तरी मनोभावे करू द्यावे, अशी त्याने प्रार्थना केली. आणि अंगावरचे जड ओझे गळून पडावे तशी ती निराशा नाहीशी झाली. खचलेल्या जीवाला काय हवे असते, याचे ज्ञान फ्रान्सिसला ग्रंथांतून झाले नाही; ते त्याला या आगीतून मिळाले. पुढे हजारो दुःखितांनी त्याच्यापाशी मन उघडे केले, त्याचे मूळ येथे आहे.

पॅरिसनंतर तो इटलीतील पादुआ विद्यापीठात गेला व 1591 साली त्याने कायद्यातील आचार्यपद मिळविले. तेथेच त्याने ईशज्ञानाचाही अभ्यास केला. त्याच्या सौम्य वागणुकीस भित्रेपणा समजून काही उनाड विद्यार्थ्यांनी एकदा अंधारात त्याच्यावर हल्ला केला. तेव्हा त्याने तलवार उपसून सर्वांना पळवून लावले, असे सांगतात. रक्त सरदाराचे होते, आणि ते लवकर तापत असे. त्याने जे माधुर्य पुढे कमावले, ते दुबळ्याचे नव्हते.

घरी परतल्यावर पित्याने वकिलीची सनद, सुंदर वधू आणि सरकारी मानपान असे सर्व काही सिद्ध करून ठेवले होते. फ्रान्सिसने मोठ्या विनयाने, परंतु ठामपणे, आपण धर्मगुरू होणार असल्याचे सांगितले. पित्याचे मन मोडले. तरी त्याने अखेर आशीर्वाद दिला. 1593 सालच्या डिसेंबरच्या 18 तारखेस फ्रान्सिस यांना गुरुदीक्षा मिळाली.

जिनिव्हा शहर त्या वेळी कॅल्विनपंथीयांच्या ताब्यात होते, आणि तेथील कॅथलिक बिशपांना आनसी या लहान गावी राहून कारभार पाहावा लागत असे. बिशपांच्या धर्मगुरुमंडळाचे प्रमुख म्हणून फ्रान्सिस यांची नेमणूक झाली. पहिल्याच भाषणात त्यांनी जिनिव्हा परत मिळविण्याची गोष्ट काढली. पण ती तोफांनी अथवा तलवारींनी नव्हे. प्रार्थनेने, उपवासाने आणि प्रीतीने त्या शहराच्या भिंती हलवाव्यात, असे त्यांनी आपल्या सोबत्यांस सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते तरुणपणाचे स्वप्नरंजन वाटले असेल. लवकरच त्याची परीक्षा झाली.

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण तीरावर शाब्ले नावाचा मुलूख आहे. 1536 साली बर्नच्या लोकांनी तो जिंकल्यापासून तेथील लोक दोन पिढ्या कॅल्विनपंथी झाले होते. तो आता पुन्हा सॅव्हॉयच्या ड्यूककडे आला होता. तेथे जाऊन धर्मोपदेश करण्यास कोणी धजेना. 1594 च्या सप्टेंबर महिन्यात फ्रान्सिस आपला चुलतभाऊ लुई याजसह पायी निघाले. पित्याने विरोध केला व खर्चासाठी पैसा देण्याचे नाकारले. आईने मात्र गुपचूप कपडे व थोडे पैसे पाठविले. आलांजच्या किल्ल्यात ते रात्री मुक्काम करीत आणि रोज सकाळी सुमारे दोन कोस चालून तोनों या मुख्य गावी जात. तो हिवाळा अत्यंत कडक होता. बर्फावरून चालून पाय फुटत, वाटेत लांडग्यांचे भय असे, आणि मारेकरीही त्यांच्या मागावर होते. गावकऱ्यांना त्यांचे प्रवचन ऐकण्याची बंदी झाली. रिकाम्या बाकांपुढे उभे राहून त्यांनी महिनोगणती उपदेश केला. ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके.

अशा वेळी दुसरा कोणी असता तर त्याने एक तर गाव सोडले असते, नाही तर शिव्याशाप दिले असते. फ्रान्सिस यांनी लेखणी उचलली. लोक माझ्याकडे येत नाहीत, तर माझे शब्द त्यांच्याकडे जातील, असा विचार करून 1595 च्या आरंभापासून ते छोटी छोटी पत्रके लिहू लागले. त्यांच्या प्रती काढून दाराच्या फटींतून आत सरकवीत, आणि चव्हाट्यावर चिकटवीत. ज्या घराचे दार त्यांच्या तोंडावर लागत असे, त्याच घराच्या उंबऱ्याखालून कागद आत जाई. त्या पत्रकांत वाद होता, आणि तो कठोर तर्काचा होता. सत्याच्या बाबतीत त्यांनी तिळमात्र तडजोड केली नाही. परंतु लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याचा पराभव करावयाचा नसून त्याला घरी न्यावयाचे आहे, हे वाचणाऱ्याला कळत असे. आपण भांडणात जिंकण्यासाठी बोलतो. ते माणूस जिंकण्यासाठी बोलत. या दोन हेतूंमधील अंतर ऐकणाऱ्याच्या कानाला तत्काळ उमगते.

हळूहळू दारे उघडू लागली. 1596 साली तेथील कॅल्विनपंथीयांचा एक पुढारी, आव्हूलीचा सरदार, कॅथलिक श्रद्धेत परत आला. मग इतर आले. 1598 पर्यंत शाब्लेचा बहुतेक मुलूख ख्रिस्तसभेत परतला. शेवटच्या काळात ड्यूकने आपल्या राजसत्तेचा दाबही वापरला, ही गोष्ट इतिहास नमूद करतो आणि आम्हीही ती लपवीत नाही. तथापि लोकांच्या स्मरणात राहिला तो ड्यूकचा हुकूम नव्हे. बर्फातून रोज चालत येणारा तो धर्मगुरू राहिला.

माधुर्याला नेहमीच फळ येते असेही नाही. 1597 साली फ्रान्सिस गुप्तपणे जिनिव्हात गेले आणि कॅल्विन यांचे वारसदार, वृद्ध पंडित थिओडोर बेझा, यांना अनेकदा भेटले. दोघांचे संभाषण सभ्यपणे झाले. बेझा यांनी मात्र आपले मत बदलले नाही. फ्रान्सिस यांनी त्यांच्याविषयी कडू शब्द काढला नाही. गोड शब्द बोलण्याचे कारण दुसऱ्याने आपले ऐकावे एवढेच असते, तर न ऐकणाऱ्यास शिवी देणे न्याय्य ठरले असते. त्यांचे कारण निराळे होते: समोरचा मनुष्य परमेश्वराची प्रतिमा आहे, आणि ती आपले न ऐकल्याने पुसली जात नाही.

1602 च्या डिसेंबरच्या 8 तारखेस, आपल्या जन्मगावच्या देवळात, त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्यापूर्वी त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांची प्रवचने ऐकून फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने त्यांना आपल्या राज्यात ठेवून घेण्याची खटपट केली होती. पण त्यांनी आपला गरीब डोंगरी धर्मप्रांत सोडला नाही. बिशप झाल्यावर ते खेडोपाडी हिंडले, मुलांना स्वतः धर्मशिक्षण देऊ लागले, तासन्‌तास पापनिवेदन ऐकू लागले.

याच दिवसांतील एक प्रसंग आम्हांला विशेष प्रिय आहे. ला रोश या गावी त्यांना मार्तँ नावाचा एक मुका-बहिरा तरुण भेटला. अशांना धर्मज्ञान देता येत नाही, असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. फ्रान्सिस यांनी त्याला आपल्या घरी नेऊन ठेवले, आणि हातांच्या खुणांनी त्याला परमेश्वराची, पापाची, क्षमेची ओळख करून दिली. अखेरीस मार्तँला पापनिवेदन करता आले आणि पवित्र कम्युनियन स्वीकारता आले. ज्यांच्या वाणीची कीर्ती राजवाड्यांपर्यंत पोहोचली होती, त्या बिशपांनी एका गरिबासाठी वाणीच बाजूस ठेवली व त्याच्या भाषेत बोलावयास शिकले. या कारणाने मुक्या-बहिऱ्यांचे आश्रयदाते म्हणूनही त्यांना मान आहे. प्रेमळ शब्दाला कान लागतातच असे नाही. समोरच्याला समजेल असे बोलण्याची तळमळ मात्र लागते.

आता त्यांच्या रागाविषयी. फ्रान्सिस यांचा स्वभाव मूळचा शीघ्रकोपी होता, आणि तो आवरण्यास त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला. त्यांचे मित्र व बेलेचे बिशप कामू यांनी त्यांच्या पुष्कळ आठवणी लिहून ठेविल्या आहेत. त्यांवरून दिसते की, एकदा एका मनुष्याने घरी येऊन त्यांचा भरपूर अपमान केला, तरी त्यांनी तोंडातून अक्षर काढले नाही. नंतर एकाने आश्चर्याने कारण विचारले. तेव्हा त्यांनी सांगितले की, हृदय खवळलेले असताना जिभेने बोलावयाचे नाही, असा त्यांनी आपल्या जिभेशी करार केला आहे. आणि इतक्या वर्षांच्या कष्टाने थेंब थेंब साठविलेले माधुर्य पाव तासात सांडून टाकण्याची त्यांची तयारी नाही. त्यांच्या मृत्यूनंतर शरीराची तपासणी केली असता पित्ताशयात खडे आढळले. रोजच्या रोज गिळलेल्या रागाचेच ते खडे, असा श्रद्धाळू लोकांनी अर्थ लावला. वैद्य त्याचा निराळा अर्थ लावतील. पण जे लोक त्यांच्याजवळ राहत होते त्यांना तो अर्थ पटला, यावरून त्यांनी आतल्या आत किती झुंज दिली असेल, हे कळून येते.

याच कामू बिशपांची दुसरी एक आठवण हसू आणणारी आहे. फ्रान्सिस सावकाश, शब्द तोलून बोलत. कामू तरुण, चपळ आणि ओघवते वक्ते. गुरूवरील भक्तीने त्यांनी प्रवचनात फ्रान्सिस यांच्या संथपणाची हुबेहूब नक्कल सुरू केली, आणि त्यात स्वतःचे सारे तेज घालवून बसले. फ्रान्सिस यांनी त्यांना रागावून नव्हे, विनोदाने चिमटा काढून ताळ्यावर आणले. आपण संतांपासून त्यांची प्रीती शिकावी, त्यांचा आवाज उसना घेऊ नये, हा त्यातील बोध. ज्याचा आवाज मोठा आहे त्याने मोठ्या आवाजात, आणि ज्याचा हळू आहे त्याने हळू आवाजात, पण प्रेमाने बोलावे.

त्यांची सर्वांत मोठी कृती म्हणजे भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा त्यांचा ग्रंथ. एका विवाहित नातलग बाईस त्यांनी आत्मिक मार्गदर्शनासाठी काही पत्रे व टिपणे लिहून दिली होती. ती पाहून एका येशूसंघीय धर्मगुरूने ती छापण्याचा आग्रह धरला, आणि 1609 च्या आरंभी हा ग्रंथ लोकांच्या हाती आला. वाचकाला त्यात फिलोथिया, म्हणजे परमेश्वरावर प्रेम करणारी, या नावाने संबोधिले आहे. पवित्र जीवन केवळ मठवासीयांसाठी नसून शिपाई, कारागीर, दरबारी, संसारी या सर्वांना ते आपापल्या जागी साधता येते, ही त्यातील मुख्य शिकवण. आज ती आपणांस साधी वाटते. त्या काळी ती एक नवी पहाट होती.

या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात जिभेविषयी काही प्रकरणे आहेत. प्रत्येक कुटुंबाने ती प्रायश्चित्तकाळात एकत्र बसून वाचावी, असे आम्हांला वाटते. वैद्य जीभ पाहून शरीराचा रोग ओळखतो, तसे बोलणे ऐकून आत्म्याचे आरोग्य ओळखता येते, असे ते समजावितात. दुसऱ्याची टर उडविणे ते शेजाऱ्याविरुद्धच्या अत्यंत वाईट अपराधांत गणतात. चहाडी व निंदा यांविषयी तर ते फार गंभीर होतात. मनुष्याला शरीराचे जीवन असते, आत्म्याचे असते, आणि तिसरे, समाजात त्याच्या अब्रूचेही एक जीवन असते. निंदक एकाच वाराने तिघांचा घात करतो: स्वतःच्या आत्म्याचा, कान देणाऱ्याच्या आत्म्याचा, आणि ज्याची निंदा केली त्याच्या अब्रूचा. आधी स्तुती करून मग हळूच पण लावणारी निंदा ते सर्वांहून विषारी मानतात. आपल्याकडे अशा बोलण्याला साखरेची सुरी म्हणतात. एकदा दारू प्यालेल्याला दारुडा म्हणू नये, कारण नोहाही एकदा झिंगला होता. एका कृत्याने कोणाला कायमचे नाव पडत नाही. आणि काल पापी असलेला आज पापीच असेल, असेही म्हणू नये. एका क्षणाची कृपा त्याला बदलून टाकण्यास पुरेशी असते.

मग वाईटाला वाईट म्हणावयाचेच नाही काय? तसे त्यांचे मत नाही. दुर्गुणाला चांगले नाव देऊन झाकणेही त्यांना मान्य नव्हते. दोष सांगणे कोणाच्या हिताचे असेल तेव्हा तो अवश्य सांगावा. परंतु शस्त्रवैद्य शिरा व स्नायू वाचवून जितके कापावयाचे तितकेच कापतो, तसे एकही शब्द अधिक न बोलता सांगावा. दुर्गुणावर प्रहार करावा, माणसाला वाचवावे. आणि कोणाची अब्रू आपल्या शब्दांनी गेली असेल, तर ज्यांच्यापुढे ती गेली त्यांच्यापुढेच ती परत करावी. चोरलेला पैसा परत केल्यावाचून चोराची सुटका नाही; तसेच हे आहे.

ज्यांनी हे लिहिले त्यांना स्वतःलाही निंदेचा चटका बसला. या ग्रंथात नृत्य व विनोद यांविषयी फार सैलपणा आहे असे वाटून एका धर्मोपदेशकाने भर प्रवचनात तो जाळून टाकला. फ्रान्सिस यांनी तक्रार केली नाही. दुसऱ्या एका प्रसंगी कोणीतरी त्यांच्या हस्ताक्षराची नक्कल करून एका बदनाम स्त्रीस लिहिलेले खोटे पत्र पसरविले. पुष्कळांनी ते खरे मानले. फ्रान्सिस यांनी आपण ते लिहिले नाही एवढे सांगितले आणि पुढे मौन धरिले. काही वर्षांनी त्या मनुष्याने आपला अपराध कबूल केला, असे चरित्रकार सांगतात. खोट्याचा प्रतिकार खोट्याने अथवा शिवीने करावयाचा नाही, हे त्यांनी शिकविले आणि भोगूनही दाखविले.

शब्दाने मनुष्य मरतो तसा जगतोही. दिजों शहरी 1604 साली त्यांची प्रवचने ऐकण्यास जेन फ्रान्सिस शांताल नावाची एक तरुण विधवा आली. तीन वर्षांपूर्वी शिकारीत एका सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून लागून तिचा पती मरण पावला होता. चार लेकरे पदरात, आणि त्या मनुष्याचे नावही ऐकवत नव्हते. त्याला क्षमा करणे तिचे कर्तव्य आहे असे सांगणारे पुष्कळ भेटले असतील. फ्रान्सिस यांनी तिला घाई केली नाही. त्याची भेट मुद्दाम घेण्याची गरज नाही, पण ती घडलीच तर तिने आपले हृदय मऊ ठेवावे, हृदयाने बंड केले तरी घाबरू नये, अशा अर्थाचा सल्ला त्यांनी तिला पत्रातून दिला. पुढे ती त्याला भेटली, इतकेच नव्हे, तर त्याच्या बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममाता होऊन उभी राहिली. 1610 साली या दोघांनी मिळून आनसी येथे व्हिजिटेशन नामक भगिनीसंघ स्थापिला. आणि शांताल बाईंनाही ख्रिस्तसभेने संतपद दिले. योग्य वेळी, योग्य मापाने उच्चारलेला एक शब्द केवढे काम करतो पाहा!

आयुष्यभर त्यांनी पत्रे लिहिली: राजांना, विधवांना, नवदीक्षित भगिनींना, शंकेने ग्रासलेल्यांना. त्यांपैकी सुमारे दोन हजार आज उपलब्ध आहेत. 1622 च्या अखेरीस ड्यूकच्या लवाजम्याबरोबर प्रवास करीत ते ल्योन शहरी आले. राहण्यासाठी मोठमोठी घरे उघडी असता त्यांनी भगिनींच्या मठातील माळ्याची खोली पसंत केली. तेथे एका भगिनीने शेवटचा उपदेश म्हणून काही लिहून मागितले. त्यांनी कागदावर नम्रता हा शब्द लिहिला, असे सांगतात. डिसेंबरच्या 28 तारखेस, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी, पक्षाघाताने त्यांचे देहावसान झाले. वय अवघे 55.

1665 साली पोप सातवे अलेक्झांडर यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले, 1877 साली पोप नववे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्यपद दिले, आणि त्यांच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीनिमित्त 1923 साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना कॅथलिक लेखक व पत्रकारांचे आश्रयदाते नेमिले. दाराखालून पत्रके सरकविणाऱ्याला शोभेल असाच हा मान होय.

आपल्या महाराष्ट्राशीही या संतांचा खरा ऋणानुबंध आहे. त्यांच्याच नावाने आनसी येथे 1838 साली फादर मेर्मिए यांनी स्थापिलेल्या मिशनरी संघाचे धर्मगुरू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भारतात आले. 1887 साली नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला, तेव्हा त्याचे पहिले बिशप रिकाझ हे याच संघाचे होते. आणि नागपूरचे कॅथेड्रल आजही संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याच नावाने उभे आहे. मुलांचे मित्र संत डॉन बॉस्को यांनीही आपल्या संघाला याच संतांचे नाव दिले. मुंबईत माटुंग्यास ज्यांची शाळा व देऊळ आहे, ते सलेशियन फादर त्यांचेच.

या संतांचा सण आता जानेवारीच्या 24 तारखेस येतो. त्याच्या दहा दिवस आधी आपल्या शेजाऱ्यांच्या घरी संक्रांतीचा तिळगूळ वाटला जातो आणि गोड बोलण्याचे वचन मागितले जाते. ते वचन एका दिवसाचे न राहता वर्षाचे व्हावे यासाठी काय करावे, हे फ्रान्सिस यांच्या चरित्रावरून आपणांस समजेल. राग येईल तेव्हा जिभेने उगी राहावे. जो समोर नाही त्याच्याविषयी, तो समोर असता जे बोललो असतो, तेवढेच बोलावे. कोणी निंदा करू लागल्यास त्या मनुष्याचा एखादा चांगला गुण आठवून सांगावा. पतीने पत्नीशी, सासूने सुनेशी, शिक्षकाने मंद विद्यार्थ्याशी, मालकाने गड्याशी बोलताना समोरच्याच्या हृदयातही प्रभू येशू वसतो, हे ध्यानी ठेवावे. आणि आज हातात छोटे यंत्र घेऊन क्षणात शंभर घरी निरोप पाठविणाऱ्या आपल्या तरुणांनी, पाठविण्यापूर्वी त्या बर्फातल्या धर्मगुरूची आठवण करावी: तोही दारादारांतून शब्द आत सरकवीत होता, पण त्या शब्दांनी घरातले कोणी मरत नव्हते.

ज्युबिलीच्या या वर्षी देवळाला नवा रंग लागेल, दिव्यांची आरास होईल, मिरवणूक निघेल. त्यांत आणखी एका गोष्टीची भर पडावी अशी आमची नम्र विनंती आहे. ज्या घरी आपण कित्येक वर्षे पाऊल टाकिले नाही, ज्या भावाशी, ज्या जावेशी, ज्या शेजाऱ्याशी आपला अबोला आहे, त्या एकाच्या दारी या वर्षी जावे आणि पहिला शब्द आपण बोलावा. उत्तर मिळो अथवा न मिळो; आलांजच्या वाटेवर फ्रान्सिस यांनाही पुष्कळ दिवस उत्तर मिळाले नव्हते. तो एक शब्द बोलला गेला, तर ज्या वेदीपाशी आपले पूर्वज गुडघे टेकून गेले तिच्यापाशी आपणही मोकळ्या मनाने गुडघे टेकू, आणि ज्युबिली खऱ्या अर्थाने साजरी झाली असे होईल.

संत फ्रान्सिस डी सेल्स, आम्हांसाठी विनंती कर.